पायलट बायकोबरोबर न्यूयॉर्क : बघितलं कमी, झोपेचा हिशोब जास्त

सोमवार, ठाणे

फ्लाइट रात्री दीडची. तारखेने मंगळवार, पण आपल्या हिशोबाने सोमवारची रात्रच. त्यामुळे ही दुपारी एकलाच वरण-भात खाऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आत खिडकीला दुहेरी काळे पडदे, एसी वीसवर, फोन बंद, आणि दाराबाहेर आमची आई. आईचं काम सगळ्यात अवघड. इस्त्रीवाला, कुरिअरवाला, गॅसवाला, सगळ्यांना ती लिफ्टपाशीच गाठते, कारण बेलची वायर आम्ही काढूनच ठेवलेली आहे. वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम चालू आहे, तर आई सकाळीच वर जाऊन सांगून आली की माझी सून आज रात्री साडेतीनशे माणसं घेऊन अमेरिकेला जाणारेय, तुमचं ड्रिल सहानंतर चालवा. ते सहापर्यंत काही थांबले नाहीत, पण साडेपाचपर्यंत थांबले, हेही नसे थोडके.

मी विचारलं होतं की सात वाजता झोपून अकराला का उठत नाहीस, एवढी दुपारपासून कशाला पडतेस. तर म्हणे संध्याकाळी सहा-सात ते नऊ-दहा ही सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा शरीर झोपूच देत नाही. दिवसभर साठलेल्या झोपेला टक्कर द्यायला आतलं घड्याळ त्यावेळी माणसाला मुद्दाम जागं ठेवतं. दुपारी मात्र एक छोटा खड्डा असतो, जेवल्यावर आपण ऑफिसात पेंगतो ना तोच, त्यात शिरलं तर चार तास मिळतात, नाही शिरलं तर रात्रभर नुसतं डोळे ताणून बसायचं. म्हणजे आपण ज्याला वामकुक्षी म्हणतो ती हिच्या नोकरीचा भाग आहे, आणि मी इतकी वर्षं तिला चिडवत होतो.

यावेळी बँकेतून रजा मिळाली म्हणून मी स्टाफ तिकिटावर तिच्याबरोबर निघालो. स्टाफ तिकीट म्हणजे सीट उरली तर तुमची. ही एअरपोर्टवर वेगळ्या दाराने आत गेली, मी काउंटरसमोर आशाळभूतासारखा उभा. आत गेल्यावर पहिलं काम बीए, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनलायझर. नळीत फुंकायचं, आकडा शून्य आला तर पुढे. ड्यूटीच्या आधी बारा तास दारू बंद आणि अल्कोहोलवाला माउथवॉशसुद्धा चालत नाही. हे सगळं ठीकच आहे. पण १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच मंद वागतो. आता दारू पकडायला नळी आहे, झोप पकडायला कुठली नळी? तिथे पायलटने स्वतःच सांगायचं असतं की मी फिट आहे. मला ही गोष्ट तेव्हा एवढी मोठी वाटली नव्हती.

मंगळवार, हवेत

सीट मिळाली, मागची, मधली, टॉयलेटच्या शेजारची. तक्रार नाही.

एवढ्या लांबच्या फ्लाइटला पुढे चार पायलट असतात, दोन कॅप्टन आणि दोन एफओ (फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक), म्हणजे दोन सेट. ही टेकऑफला पुढे होती, मग तीनेक तासांनी दुसरा सेट आला आणि ही बंकमध्ये झोपायला गेली, मग लँडिंगसाठी परत पुढे. ट्रिपल सेव्हनमध्ये, म्हणजे बोइंग ७७७ मध्ये, पायलटांचा बंक पुढच्या दरवाज्याजवळ छतात असतो, एक अरुंद जिना चढून जायचं, वर दोन बेड आणि दोन खुर्च्या. प्रवाशांना तो दिसतसुद्धा नाही. तिने मला नंतर मोबाइलवर फोटो दाखवला. बसलं तर डोकं आपटेल एवढीच उंची, झोपताना पट्टा बांधायचा, डोक्याशी ऑक्सिजन मास्क आणि इंटरकॉम, आणि इंजिनचा आवाज चालूच. तिथली झोप वरवरची असते, कारण केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांवर असते तशी विरळ ठेवलेली असते आणि वर कोरडी ठणठणीत, तासाभरात घसा सुकतो. ही बंकमध्ये कानात इअरप्लग, डोळ्यांवर पट्टी, पायात लोकरीचे मोजे असा सगळा जामानिमा करून झोपते. झोप येवो न येवो, पडून राहायचं हा नियम. अर्धवट झोपसुद्धा जमेत धरतात.

आणि उठल्यावर लगेच खुर्चीत बसायचं नाही, अर्धा-पाऊण तास आधी उठायचं, तोंड धुवायचं, कॉफी घ्यायची. त्याला कारण आहे. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं लगेच चालू होत नाही, त्याला स्लीप इनर्शिया म्हणतात. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन तास पाच मिनिटांपैकी पहिले एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, आणि चौकशी अहवालाने ह्या स्लीप इनर्शियाचा उल्लेख केला. ही त्याबद्दल बोलताना कुणाला दोष देत नाही. फक्त म्हणते, पहाटेची वेळ होती.

खुर्चीतल्या खुर्चीत छोटी डुलकी घेणं हे मात्र वेगळं. ठरवून, दुसऱ्या पायलटला सांगून, वेळ लावून. नासाने पॅसिफिकवरच्या लांब फ्लाइट्समध्ये हा प्रयोग केला होता, पायलटला चाळीस मिनिटं दिली, त्यात सरासरी सव्वीस मिनिटं झोप लागली आणि ते पुढे जास्त सावध राहिले, लँडिंगच्या वेळीसुद्धा. मजा म्हणजे ज्यांनी हा अभ्यास केला त्या अमेरिकेतच अजून ह्याला परवानगी नाही, युरोपात आणि कॅनडात आहे.

मी मागे काय करत होतो? दोन सिनेमे अर्धे अर्धे बघितले. खिडकीवाल्या काकांना विचारून विचारून बाहेर बघत होतो आणि बाहेर अंधार, अंधार आणि अंधार. पाकिस्तानवरून जायला बंदी असल्याने समुद्रावरून वळसा, मग आखात, तुर्कस्तान, युरोप, अटलांटिक, आणि आपण पश्चिमेला पळतोय म्हणून सूर्य काही आपल्याला गाठेना. बारा-तेरा तास रात्रच. अमेरिकेचा किनारा जवळ आल्यावर कुठे मागून उजाडलं. माझ्या मोबाइलमध्ये तेव्हा दुपार होती.

मंगळवारच, न्यूयॉर्क

इथे सकाळचे आठ, ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच. सप्टेंबर असल्याने साडेनऊ तासांचा फरक. आमचं हॉटेल क्वीन्स भागात, नदीपलीकडे मॅनहॅटन.

मला वाटलं आता ही झोपेल, तर नाही. आंघोळ केली, बॅगेतून मेतकूट आणि भाताचं पाकीट काढलं, किटलीत पाणी उकळून जेवण झालं, मग नदीकाठी एक चक्कर. गॉगल लावून. एकच्या सुमाराला परत खोलीत आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. कपाटातले क्लिपवाले हँगर काढले आणि पडद्याच्या मधली फट त्या क्लिपांनी घट्ट चिमटली. दाराखालच्या फटीत टॉवेल. टीव्हीचा लाल दिवा, चार्जरचा निळा दिवा, सगळ्यांवर चिकटपट्टी, ती चिकटपट्टी ती घरून घेऊन फिरते. दाराला डू नॉट डिस्टर्ब, आणि रिसेप्शनला वेगळा फोन की फोन लावू नका, आग लागली तरच लावा. एसी अठरा. बरोबर दोनला लाइट बंद.

दोनच का? कारण तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेअकरा. म्हणजे ही न्यूयॉर्कमध्ये राहून ठाण्याच्या वेळेला झोपत होती. साधा हिशोब आहे. शरीर साधारण एका टाइम झोनला एक दिवस घेतं, साडेनऊ तासांना नऊ-दहा दिवस, आणि ती इथे असणार दोन दिवस. अर्धवट बदललेलं घड्याळ घेऊन परत जाण्यापेक्षा बदलायचंच कशाला? निदान चार-पाच तास तरी रोज घरच्या रात्रीतले झोपायचे, त्याला ते अँकर स्लीप म्हणतात, आणि बाकीची झोप तुकड्यांनी मिळेल तिथे. जहाज नांगर टाकून उभं असतं तसं घड्याळ तेवढ्यावर टिकून राहतं.

मी कशाला झोपतोय, मी न्यूयॉर्क बघायला आलो होतो. सेव्हन ट्रेन पकडली, जॅक्सन हाइट्सला जाऊन चहा प्यायचा बेत होता, ७४ नंबरच्या रस्त्यावर सगळी आपली दुकानं आहेत. बसलो आणि पुढचं आठवतं ते एकदम फ्लशिंग, शेवटचं स्टेशन, एक बाई खांद्याला हात लावून उठवतेय. डोळे मिटल्याचं आठवतसुद्धा नाही. घड्याळात साडेतीन, ठाण्यात रात्रीचा एक. मी नुसता प्रवासी होतो म्हणून ठीक.

परत येऊन लॉबीत बसलो तर आमच्या फ्लाइटच्या दुसऱ्या सेटचे कॅप्टन ट्रॅकसूटमध्ये पळून आलेले. त्यांची पद्धत बरोबर उलटी. उतरल्या उतरल्या इथल्या वेळेला लागायचं, दिवसभर उन्हात राहायचं, कितीही डोळे मिटले तरी रात्री नऊपर्यंत आडवं व्हायचं नाही. साठीच्या जवळ आलेत, म्हणाले, "अहो, वय वाढलं की दिवसा झोप लागत नाही, मग मी अंधारात पडून काय करू, छत बघू?" आणि दुसऱ्या सेटचा एफओ, विशीतला पोरगा, तो भूक लागली की खातो आणि झोप आली की झोपतो, रात्री तीनला त्याला डेलीमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या दुकानात, सँडविच खाताना पाहिला (मी पण तिथेच होतो). म्हणजे हँडबुकात काहीही लिहिलेलं असो, जेवढे पायलट तेवढ्या पद्धती.

सातला ही उठली. आम्ही ब्रुकलिन ब्रिजवर गेलो, समोर सगळे दिवे लागलेले, फोटोत येतं तसंच, आणि मला थंडी वाजून आली, मळमळ, अजिबात बोलावंसं वाटेना. थंडी नव्हतीच खरं तर, बाकी लोक टी-शर्टवर होते. ही हसायला लागली, म्हणाली, "घरी आत्ता पहाटेचे पाच वाजायला आलेत. अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं ह्या वेळेला. तुला न्यूयॉर्क आवडत नाहीये असं समजू नकोस, तू झोपलायस." पायलटच्या नियमांमध्ये सुद्धा पहाटे दोन ते सहा हा पट्टा वेगळा काढलेला आहे, त्या वेळेत शरीर सगळ्यात ढिलं असतं म्हणून. तिलाही जड होतंच, पण पाच तास झोप पोटात असल्याने ती चालू शकत होती आणि मी एका बाकावर बसून राहिलो. ब्रिज अर्धाच बघितला.

बुधवार, न्यूयॉर्क

रात्री अडीचला टक्क जागा आणि सडकून भूक. ठाण्यात दुपारचे बारा, पोटाला काय माहीत आपण कुठे आहोत. पोटाचं घड्याळ डोक्याच्या घड्याळापेक्षा वेगळं चालतं आणि हळू बदलतं, त्यामुळे पायलट लोकांत झोपेपेक्षा पोटाच्या तक्रारी जास्त ऐकू येतात, अ‍ॅसिडिटी, बद्धकोष्ठ, नको ते. त्यावर हिचं औषध म्हणजे भात, ताक, आणि रात्री-अपरात्री बर्गर नाही.

सकाळी सेंट्रल पार्क, छान होतं, त्यावर सगळ्यांनी लिहिलेलं आहे. येताना मी औषधाच्या दुकानातून मेलाटोनिनची बाटली घेतली. अमेरिकेत ते चॉकलेट-बिस्किटासारखं शेल्फवर मिळतं, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यासुद्धा. हिला म्हणलं तूही घे. तर कंपनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ती साधी सर्दीची गोळी घेत नाही, कारण सर्दीच्या गोळ्यांनीही झोप येते. आणि कॉफीचंही गणित आहे, पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतं, त्यामुळे झोपेच्या आधीचे सहा-सात तास कॉफी नाही. ती कॉफी आवडते म्हणून पीत नाही, कधी लागेल तेव्हा पिते. मला हे फार रूक्ष वाटतं, पण विमानात मागे बसल्यावर बरं वाटतं.

मॅनहॅटनमध्ये फिरताना तिला विचारलं की हे असं वर्षानुवर्षं चालतं का. ती म्हणाली पश्चिमेला जाणं सोपं, आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं मोठंच असतं, त्यामुळे दिवस लांबला तर ते खुशीने लांबतं, त्याला आखूड करणं जिवावर येतं. खरा त्रास परतीचा. आणि त्याहून त्रास म्हणजे एकदा पश्चिम, मग तीन दिवस घर, मग पूर्व, मग रात्रीची स्टँडबाय (बोलावलं तर निघायचं), असा रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, आला की नांगर कुठे टाकायचा तेच कळत नाही. नियम आहेत. सातपेक्षा जास्त टाइम झोन ओलांडले तर किमान ३६ तास विश्रांती द्यावी लागते. २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. पण नियम विश्रांतीचे तास मोजतात, झोपेचे नाही. ३६ तास हॉटेलात छताकडे बघून काढले तरी कागदावर तुम्ही ताजेतवाने.

मग मी तो नळीचा विषय काढला. म्हणलं, झोप झाली नसेल तर सांगायचं ना सरळ. ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, सांगतो की. फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा रिपोर्ट असतो, अनफिट म्हणून कळवता येतं, आणि तिने कळवलेलंही आहे. पण तिच्या ओळखीत एकाने (कंपनी दुसरी, नाव कशाला) असं कळवलं, तर पुढचे दोन महिने त्याला फोन येत राहिले की रात्री नक्की काय करत होतास, किती वाजता झोपलास, घरी काही प्रॉब्लेम आहे का. पुढच्या वेळी तो कळवेल का? ताप आला तर थर्मामीटर दाखवता येतो. झोप नाही झाली हे कशाने दाखवणार, आणि परत गंमत अशी की झोप कमी झालेल्या माणसालाच सगळ्यात जास्त वाटत असतं की मी ठीक आहे, म्हणजे ज्याने ठरवायचं त्याचंच डोकं त्या दिवशी चालत नसतं. म्हणून ती भावनेवर नाही, हिशोबावर जाते. गेल्या चोवीस तासांत किती, गेल्या अठ्ठेचाळीस तासांत किती, लँडिंगच्या वेळी जागं राहून किती तास झालेले असतील. हे तीन आकडे ती एका छोट्या वहीत लिहिते. वही मी बघितली, शाळेच्या वहीसारखी, तारीख, झुलू टाइममध्ये (ग्रिनिचच्या वेळेत) झोपेची वेळ, आणि पुढे "बरी", "तुटक", "नाही" असे शेरे. एका ओळीत नुसतं लिहिलं होतं, "ड्रिल".

मला वाटतं ह्या वहीवर कुणी सही मागत नाही हेच चुकतंय.

दोनला परत हँगर, चिकटपट्टी, अंधार. ह्यावेळी मीपण झोपलो.

गुरुवार, परत

फ्लाइट सकाळी साडेअकराची. ही बुधवारी संध्याकाळी सहाला उठली होती, हलकं जेवून परत अकरा ते सहा झोपली, सगळी मिळून चांगली झोप. वहीत "बरी". कॅप्टनसाहेब पण ताजे, त्यांची उलटी पद्धतसुद्धा जागेवर पोचलेली.

परतीचा प्रवास म्हणजे जाताना जे झालं त्याच्या उलट. आपण सूर्याकडे धावतो, त्यामुळे अटलांटिकवर चार-पाच तासांत संध्याकाळ, आणि जेमतेम सात तासांत परत उजाडलं, आखाताच्या पलीकडे केबिनमध्ये खिडक्यांच्या कडेने ऊन आलं तेव्हा सगळे लोक वैतागून पट्ट्या ओढून घेत होते. पुढे कॉकपिटमध्ये ते ऊन थेट डोळ्यात, आणि त्यांना पट्ट्या ओढून झोपायचं नसतं. कॅप्टन आणि एफओ एकच जेवण खात नाहीत हे माहीत होतं (दोघांना एकदम बाधायला नको), पण पहाटेच्या त्या तासांमध्ये बरेच पायलट जेवतच नाहीत, नुसती फळं, असं ही म्हणाली. पोट भरलं की डोळे मिटतात, बाकी काही नाही.

शुक्रवार ते सोमवार, ठाणे

अकराला मुंबई. उतरल्यावर परत नळी, बाहेरून येणाऱ्यांची उतरल्यावर होते. गाडी स्वतः चालवत घरी यायचं नाही, कॅबनेच यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मी केलेला आहे.

घरी आल्यावर तिने गजर लावून दोनच तास झोप घेतली. गजर झाल्यावर उठवायचं काम आईचं, आणि आईला ते अजिबात पटत नाही, "एवढी दमून आलीय पोर, झोपू दे की," पण दोनचे पाच तास झाले तर रात्रीचं वाटोळं होतं हे तिलाही आता माहीत आहे. मग संध्याकाळी गच्चीवर, आठला जेवण, दहाला आडवं. पहिल्या रात्री तीनला जाग आली तर ती मोबाइलला हात लावत नाही, अंधारात पडून राहते.

माझं विचारू नका. मी तिथे उन्हात हिंडलो, रात्री सँडविच खाल्ली, घड्याळ निम्मं तिकडे नेऊन ठेवलं, ते परत यायलाच तयार नाही. सोमवारी बँकेत अकराच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मी म्हणे फक्त "हो" म्हणालो, प्रश्न कुठल्या ब्रँचमध्ये किती थकबाकी असा होता.

रविवारी पुढचा रोस्टर आला. गुरुवारी लंडन, साडेचार तासांचा फरक, तो हिच्या लेखी काहीच नाही, त्यानंतर दोन दिवस स्टँडबाय आणि मग महिनाभराने परत न्यूयॉर्क. तोपर्यंत नोव्हेंबर लागेल आणि तिकडची घड्याळं बदलून फरक साडेदहा तासांचा होईल. येतोस का म्हणून तिने विचारलं. मी म्हणलं वरच्यांच्या टाइल्स संपल्या की सांगतो, आईला एकटीला ते झेपत नाही.